मुंबईचे हत्ती आणि मग्दलाच्या पोथ्या
(मेहरूण, जळगाव येथील व्याख्यानाचा मजकूर)



अजिंठ्याची लेणी येथून साठएक किलोमीटरवर आहेत. शाळेच्या सहलीबरोबर तेथे जाऊन न आलेले घर जळगाव परिसरात विरळाच सापडेल. त्या लेण्यांतील चित्रांच्या जुन्या प्रतिकृती लंडनमध्ये आहेत, हेही पुष्कळांना ठाऊक असते. आजचा विषय मात्र आफ्रिकेचा आहे. ब्रिटनमधील विद्यापीठांच्या संग्रहालयांत आणि ग्रंथालयांत आफ्रिकेतील मूर्ती, मुखवटे आणि पोथ्या मोठ्या संख्येने आहेत. त्या तेथे कशा पोहोचल्या, हा तो विषय. खानदेशातील माणसाला त्याचे काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. त्या प्रश्नाचे उत्तर मुंबई बंदरात मिळते.

आज ज्याला इथिओपिया म्हणतात त्या देशाला तेव्हा इंग्रज अबिसीनिया म्हणत. तेथे सम्राट तेवोद्रोस दुसरा राज्य करीत होता. त्याने राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. अपमानित झालेल्या सम्राटाने ब्रिटिश वकील, मिशनरी आणि इतर युरोपीयांना कैदेत टाकले. त्यांना सोडविण्यासाठी लंडनने जी मोहीम आखली ती इंग्लंडातून निघाली नाही, मुंबईतून निघाली. मुंबई फौजेचा सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर तिचा प्रमुख होता. सुमारे १३,००० सैनिक, त्याहून कितीतरी अधिक हमाल, माहूत आणि खेचरवाले, आणि चाळीसहून अधिक हत्ती, एवढा लवाजमा समुद्रमार्गे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. सैनिकांपैकी बहुसंख्य हिंदी होते. त्यांचा नेहमीचा पगारही हिंदुस्थानच्या तिजोरीतूनच द्यावा, असे ब्रिटिश पार्लमेंटने ठरविले. युद्ध आफ्रिकेत, अपमान लंडनचा, आणि पगाराचा भार येथल्या शेतसाऱ्यावर. पारतंत्र्य म्हणजे काय, हे समजून घ्यायला एवढा एक हिशेब पुरेसा आहे.

१३ एप्रिल १८६८ रोजी मग्दलाचा डोंगरी किल्ला पडला. शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा सम्राटाने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतले. कैदी त्याआधीच सुटले होते. मोहिमेचा घोषित हेतू साध्य झाला होता. तरीही त्यानंतर किल्ला आणि तेथील चर्च लुटले गेले. २० आणि २१ एप्रिलला सैनिकांनी आणलेली लूट पठारावर मांडून तिचा रीतसर लिलाव पुकारण्यात आला. जी रक्कम आली ती फौजेत वाटण्यात आली. ती लूट किल्ल्यावरून वाहून आणायला सुमारे १५ हत्ती आणि २०० खेचरे लागली, अशी नोंद आहे. ते हत्ती मुंबईहून गेलेले होते.

या लिलावात एक ग्राहक असा होता की ज्याचे नाव विसरता कामा नये. रिचर्ड होम्स हा ब्रिटिश म्युझियमचा कर्मचारी होता आणि संग्रहालयाने त्याला फौजेबरोबरच पाठविले होते. लढाई संपल्यावर वस्तू योगायोगाने संग्रहालयात आल्या, असे नव्हते. संग्रहालयाचा माणूस तोफांच्या मागोमाग चालत होता. त्याने सुमारे ३५० हस्तलिखिते लंडनला नेली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मग्दलाच्या इतर पोथ्या ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात, केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयात जाऊन पडल्या. चामड्यावर लिहिलेल्या, रंगीत चित्रांनी नटलेल्या या पोथ्यांवर पुढे विद्वानांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. ज्यांच्या धर्माच्या त्या पोथ्या, त्या इथिओपियातील अभ्यासकाला मात्र आपलाच ग्रंथ पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तेवोद्रोस हा काही संत नव्हता. मग्दलावरील पोथ्यांचा साठा त्याने स्वतःच गोंडार या जुन्या राजधानीतील चर्चे लुटून जमविला होता. ब्रिटिश लेखक हे आवर्जून सांगतात. परंतु एका राजाने देशातल्या देशात केलेल्या जुलमामुळे दुसऱ्या देशाला त्या वस्तूंवर हक्क कसा प्राप्त होतो? घरातील भांडणाचा फायदा घेऊन शेजाऱ्याने देवघर उचलून नेले तर त्याला न्यायनिवाडा म्हणत नाहीत.

देवघर हा शब्द येथे केवळ उपमा म्हणून आलेला नाही. मग्दलाहून गेलेल्या वस्तूंत तबोत होते. तबोत म्हणजे लाकडाची किंवा दगडाची अभिमंत्रित पाटी. इथिओपियन चर्चमध्ये ती अगदी आतल्या गाभाऱ्यात असते. तिच्यामुळेच त्या वास्तूला पावित्र्य येते, अशी श्रद्धा आहे. ती पाहण्याचा अधिकार केवळ पुरोहिताला. उत्सवात ती बाहेर काढतात तेव्हाही वस्त्रांत गुंडाळून डोक्यावर घेतात. ब्रिटिश म्युझियममध्ये असे ११ तबोत आहेत. त्यांचे पावित्र्य मान्य करून संग्रहालयाने ते बंद खोलीत ठेवले आहेत. ते प्रदर्शनात मांडलेले नाहीत आणि संग्रहालयाचे अधिकारीही ते पाहत नाहीत. अभ्यास होत नाही, दर्शन होत नाही, पूजाही होत नाही. मग ते तेथे कशासाठी आहेत? प्राणप्रतिष्ठा म्हणजे काय हे ज्या समाजाला शिकवावे लागत नाही, त्या समाजाला इथिओपियाच्या पुरोहिताचे दुःखही समजावून सांगावे लागू नये. धर्म वेगळा असला तरी ओकाबोका गाभारा सगळीकडे सारखाच दिसतो.

एडिंबराच्या एका चर्चमध्ये असाच एक तबोत कपाटात पडून असलेला सापडला. त्या चर्चने तो २००२ साली इथिओपियाला परत केला. अदिस अबाबात त्याच्या स्वागताला रस्त्यांवर लोटलेली गर्दी पाहून अनेक युरोपीय पत्रकार चकित झाले. पंढरीची वाट चाललेल्या माणसाला त्यात चकित होण्यासारखे काही वाटले नसते.

आता पश्चिम आफ्रिकेकडे वळू. आजच्या नायजेरियात बेनिन नावाचे राज्य होते. त्याच्या राजाला ओबा म्हणत. तेथील कारागीर पितळेचे ओतकाम असे करीत की, आफ्रिकेला मागास मानणाऱ्या युरोपला ते आफ्रिकेचे काम आहे हेच प्रथम खरे वाटेना. १८९७ च्या जानेवारीत एका ब्रिटिश पथकावर हल्ला झाला आणि फेब्रुवारीत त्याचा सूड घेण्यासाठी फौज आली. नगर जाळले गेले, ओबाला हद्दपार केले गेले आणि राजवाड्यातील हजारो पितळी पट, मस्तके व हस्तिदंती वस्तू युरोपात गेल्या. ऑक्सफर्डचे पिट रिव्हर्स आणि केंब्रिजचे पुरातत्त्व व मानववंशशास्त्र संग्रहालय, दोन्ही १८८४ साली स्थापन झालेली. दोन्हींच्या संग्रहांत बेनिनच्या वस्तूंची संख्या शंभराहून अधिक झाली. कपाटावर चिठ्ठी लागली ती वस्तूचे नाव, धातू आणि दात्याचे नाव सांगणारी. ती ज्या आगीतून काढली त्या आगीचा उल्लेख चिठ्ठीवर नसे.

विद्यापीठ या शब्दाकडून समाजाची अपेक्षा वेगळी असते. राजा तलवारीने जिंकतो, व्यापारी तराजूने. विद्यापीठाने सत्याने जिंकावे. म्हणून विद्यापीठाच्या संग्रहालयातील खोटी किंवा अर्धवट चिठ्ठी ही राजवाड्यातील लुटीपेक्षाही अधिक बोचते. आणि नोंद घेण्यासारखी गोष्ट अशी की, अलीकडे हे प्रथम ज्यांनी मान्य केले त्यांत विद्यापीठे आघाडीवर आहेत. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात बेनिनचा एक पितळी कोंबडा होता. १९०५ मध्ये एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी तो दिलेला. कॉलेजातील विद्यार्थ्यांनी २०१६ मध्ये तो परत करावा असा ठराव केला. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी तो नायजेरियाच्या प्रतिनिधींना देण्यात आला. दुसऱ्याच दिवशी स्कॉटलंडच्या ॲबर्डीन विद्यापीठाने ओबाचे पितळी मस्तक परत केले. ते त्यांनी १९५७ मध्ये लिलावात पैसे मोजून घेतले होते. पैसे मोजले म्हणून लुटीची वस्तू आपली होत नाही, असे विद्यापीठानेच मान्य केले.

विद्यापीठांना हे जमले आणि लंडनच्या मोठ्या संग्रहालयांना जमले नाही, याचे एक कारण कायद्यात आहे. ब्रिटिश म्युझियम १९६३ च्या कायद्याने आणि व्हिक्टोरिया ॲण्ड अल्बर्ट म्युझियम १९८३ च्या कायद्याने बांधलेले आहे. अगदी मोजके अपवाद वगळता संग्रहातील वस्तू कायमची देऊन टाकण्याचा अधिकार त्यांच्या विश्वस्तांना नाही. विद्यापीठांवर ही बेडी नाही. त्यांचे नियामक मंडळ निर्णय घेऊ शकते. २०२४ साली हा फरक स्पष्ट दिसला. घानातील असांते राज्यातून १८७४ च्या युद्धात नेलेल्या वस्तूंपैकी सात वस्तू अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फाउलर संग्रहालयाने कायमच्या परत केल्या. त्याच वर्षी लंडनच्या दोन संग्रहालयांनी ३२ वस्तू घानाला तीन वर्षांसाठी उसन्या दिल्या. आपल्याच राजाचे सोने उसने घ्यावे लागले.

हे ऐकताना महाराष्ट्राला काही आठवले पाहिजे. त्याच २०२४ च्या जुलै महिन्यात त्याच व्हिक्टोरिया ॲण्ड अल्बर्ट म्युझियमकडून वाघनखे साताऱ्यात आली, तीही तीन वर्षांच्या मुदतीने. ही वाघनखे साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला पेशव्यांच्या कारभाऱ्याकडून मिळाली, असे त्यांच्या पेटीवरील लेख सांगतो. शिवछत्रपतींनी प्रतापगडावर वापरली ती हीच, याची खात्री देता येत नाही, असे संग्रहालयाने स्वतःच नोंदविले आहे. या वाक्याने रागावण्याचे कारण नाही. शिवरायांचे मोठेपण चार पोलादी नखांवर अवलंबून नाही. उलट, पुराव्याच्या पुढे पाऊल न टाकणे हीच शिवचरित्राची खरी शिस्त आहे. ज्या दिवशी मराठी माणूस पुराव्यानिशी मागेल, त्या दिवशी त्याला नाही म्हणणे कठीण जाईल.

यासाठी तीन शब्द वेगळे ठेवायला हवेत. लूट, भेट आणि खरेदी. मग्दला आणि बेनिन ही उघड लूट. तेथे वाद नाही. भेटीचे तसे नाही. शिवछत्रपतींची म्हणून सांगितली जाणारी जगदंबा तलवार ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. १८७५-७६ मध्ये वेल्सचा युवराज हिंदुस्थानात आला तेव्हा कोल्हापूरच्या गादीकडून ती त्याला मिळाली. त्या वेळी गादीवर असलेले चौथे शिवाजी महाराज अवघ्या बारा वर्षांचे होते आणि राज्याचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालत होता. बारा वर्षांच्या मुलाने आपल्या पालक-सत्तेला दिलेल्या वस्तूला भेट म्हणायचे का? दप्तरात भेट हा शब्द असेल. न्यायाच्या भाषेत त्याला आणखी एखादा शब्द शोधावा लागेल.

राहिली खरेदी. नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती मिळविली. त्याच वर्षी पिप्रहवा येथील बुद्धधातूंबरोबरची रत्ने हाँगकाँगच्या लिलावात मांडली जात होती. भारत सरकारने आक्षेप घेतल्यावर लिलाव थांबला आणि एका भारतीय उद्योगसमूहाच्या पुढाकाराने जुलै २०२५ मध्ये ती स्वदेशी आली. या दोन्ही घटना आनंदाच्या आहेत. पण दरवेळी आपलाच ठेवा आपण पैसे मोजून घेऊ लागलो, तर लिलावदारांची सोय होईल आणि मूळ प्रश्न तसाच राहील.

आता जवळच्या अजिंठ्याकडे येऊ. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ तेथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यात त्याने आपले नाव कोरले. बोधिसत्त्वाच्या चित्रावर नाव कोरणारा हा पहिला साहेब. पुढे मुंबईच्या डॉ. बर्ड यांनी संग्रहालयासाठी म्हणून सतराव्या लेण्यातील काही चित्रित आकृती भिंतीवरून सोलून काढण्याचा प्रयत्न केला. वस्तू मिळाल्या नाहीत, चित्र मात्र गेले. अजिंठ्याच्या भित्तिचित्राचा एक तुकडा आज अमेरिकेत बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे.

१८४४ मध्ये कंपनी सरकारने रॉबर्ट गिल याला प्रतिकृती करण्यासाठी पाठविले. आयुष्यातील उमेदीची वर्षे त्याने या दरीत काढली. १८७९ मध्ये तो वारला आणि त्याची कबर येथून जवळच, भुसावळला आहे. त्याची चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाली. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या हिंदी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा सगळे काम आरंभिले. तेरा वर्षे ते चालले. ती चित्रेही लंडनला गेली आणि १८८५ च्या आगीत त्यांतील अनेक नष्ट झाली. पूर्वेकडील वस्तू पश्चिमेत अधिक सुरक्षित राहतात, असे आजही ऐकू येते. त्यावर अजिंठ्याचे उत्तर असे आहे की, वाघुर नदीच्या दरीत भिंतीवर राहिलेले चित्र दीड हजार वर्षे टिकले आणि लंडनला गेलेली प्रतिकृती पंचवीस वर्षेही टिकली नाही.

तरीही गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या कष्टांना नावे ठेवणे योग्य होणार नाही. भिंतीवरून आज पुसट झालेले कितीतरी तपशील ग्रिफिथ्सच्या ग्रंथांमुळेच कळतात. ज्या विद्यार्थ्यांच्या हातांनी ते काम झाले, त्या हिंदी मुलांची नावे मात्र सामान्य वाचकापर्यंत पोहोचलीच नाहीत. इंग्रजाचे नाव मुखपृष्ठावर आणि येथल्या हाताचे नाव तळटीपेत, हाही साम्राज्याचाच एक संग्रह होता.

परत मिळविण्याचा मार्ग कोणता, याचे उत्तम उदाहरण काशीचे आहे. कॅनडाच्या रेजायना विद्यापीठाच्या मॅकेन्झी कलादालनात अन्नपूर्णेची एक मूर्ती होती. नॉर्मन मॅकेन्झी नावाच्या संग्राहकाने १९१३ मध्ये वाराणसीला गेला असताना ती मिळविली. गंगेकाठच्या एका देवळातून ती त्याच्यासाठी चोरण्यात आली होती. कलादालनात ती विष्णूची म्हणून नोंदली गेली. दिव्या मेहरा या भारतीय वंशाच्या कलावतीने जुनी कागदपत्रे चाळली, मूर्तीकडे नीट पाहिले आणि हा विष्णू नव्हे, असे लक्षात आणून दिले. एका हातात खिरीचे पात्र आणि दुसऱ्या हातात पळी, ही अन्नपूर्णा आहे, हे तज्ज्ञांनी ओळखले. नोव्हेंबर २०२० मध्ये विद्यापीठाने ती भारताकडे सोपविली आणि १५ नोव्हेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथाच्या परिसरात तिची स्थापना झाली. मोर्चा निघाला नाही, काच फुटली नाही. एका व्यक्तीची चिकित्सक नजर, एक जुनी नोंद आणि देवीच्या हातातील पळी ओळखणारे ज्ञान, एवढ्याने शंभर वर्षांचा वनवास संपला.

यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे. भावना दावा उभा करते, पण दावा जिंकते ती नोंद. आणि नोंदीच्या बाबतीत आपले घर कसे आहे? स्वातंत्र्यानंतर देशाबाहेर गेलेल्या शेकडो मूर्ती कोणत्याही नेपियरने नेलेल्या नाहीत. त्या आपल्याच माणसांनी रात्री उचलल्या आणि आपल्याच दलालांनी विकल्या. पुरावस्तूंच्या निर्यातीला बंदी घालणारा कायदा १९७२ चा आहे. परदेशातून मूर्ती परत आणताना पहिला प्रश्न येतो तो छायाचित्राचा. मूर्ती देवळात होती, असे दाखविणारे एखादे जुने चित्र आहे का? तापी, गिरणा आणि वाघूर यांच्या काठी असलेल्या किती देवळांतील मूर्तींची मोजमापे घेतलेली आहेत? किती वाड्यांतील पोथ्यांची यादी आहे? ब्रिटिशांनी आपल्या लुटीचीही यादी ठेवली, म्हणून आज ती मागता येते. आपण आपल्या श्रद्धेचीही यादी ठेवली नाही, तर मागायचे कशाच्या बळावर?

आणखी एक प्रश्न आपल्याच अंगणातला आहे. चाळीसगावच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथील प्रसिद्ध यक्षमूर्तीच्या हातावर ती घडविणाऱ्या कान्हदास या सुवर्णकाराचे नाव कोरलेले आहे. ती मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ही लूट नव्हे, संरक्षणच आहे. पण त्या मूर्तीची एक चांगली प्रतिकृती आणि तिची कथा खानदेशातल्या मुलांना खानदेशातच दिसावी, एवढी मागणी तरी न्याय्य आहे. सातपुड्यातील भिल्ल बांधवांचे धनुष्य, वाद्ये आणि देवाचे घोडे आपल्याकडील संग्रहालयांत मांडताना त्यांना विचारले जाते का, हेही पाहिले पाहिजे. ऑक्सफर्डला जो प्रश्न विचारायचा, तो स्वतःला विचारण्याचे धैर्य नसेल तर त्या प्रश्नाला वजन येत नाही.

नायजेरियाचा अनुभवही डोळ्यांसमोर असावा. वस्तू परत येऊ लागल्या आणि त्या राष्ट्राच्या की ओबाच्या, हा वाद उभा राहिला. २०२३ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांनी त्यांची मालकी ओबाकडे दिली, तेव्हा काही युरोपीय संस्थांनी हात आखडता घेतला. घरात एकमत नसले की दाराशी आलेली लक्ष्मीही उंबऱ्यावर थबकते.

मेहरूणमधील मंडळींनी करावे असे काम म्हणून अगदी साधे आहे. येत्या सुटीत महाविद्यालयीन मुलांचे गट करावेत. प्रत्येक गटाने एकेक गाव घ्यावे. देवळातील प्रत्येक मूर्तीची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, उंची मोजावी, हातातील आयुधे लिहून काढावीत आणि गावातील वृद्धांना जे आठवते ते त्यांच्याच शब्दांत टिपावे. मशीद असो, विहार असो वा आदिवासी देवस्थान असो, जुने ते सारे नोंदवावे. त्या वह्यांची एक प्रत गावात, एक विद्यापीठात आणि एक पुरातत्त्व विभागाकडे द्यावी. सर्व काम झाल्यावर पुन्हा एकदा अजिंठ्याला जावे आणि दहाव्या लेण्यात कोरलेल्या त्या नावाविषयी बरोबरच्या मुलांना सांगावे. नाव कोरणारा परका होता, एवढेच सांगून थांबू नये. त्यानंतर कोरलेली आपल्या लोकांची नावेही दाखवावीत.